डोंगराखालचं दार

शुक्रवारी बारा वाजता वरून हुकूम आला: तीनच्या ठोक्याला दार लावायचं.

ऑरिन स्कॅग्जने फोन खाली ठेवला. हॉटेलात सगळे त्याला टीव्ही दुरुस्त करणारा म्हणून ओळखत. पण त्याचं खरं काम हॉटेलामागच्या डोंगरात होतं. अणुबाँब पडायची वेळ आली, तर वॉशिंग्टनहून सरकारची हजारभर माणसं तिथल्या भुयारात येऊन राहणार होती. चार वर्षं ऑरिन तिथली औषधं, डबाबंद जेवण, हवेची यंत्रं सांभाळत होता. बायकोलाही सांगणार नाही, असं लिहून देऊन.

आठवडाभर रेडिओवर क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांशिवाय दुसरं काही नव्हतं.

तो हॉटेलच्या धुलाईखान्यात गेला. त्याची बायको व्हर्ना तिथे इस्त्री करत होती. लवकर सुट्टी घे, मुलीला, लोटीला, शाळेतून घे आणि तुझ्या भावाच्या शेतावर जा, असं त्याने तिला सांगितलं. किती दिवस, असं तिने विचारलं. भावाचं तळघर कोरडं आहे ना, एवढंच तो म्हणाला.

व्हर्नाने इस्त्री उभी करून ठेवली.

"डोंगरातल्या चादरी मीच धुते, ऑरिन," ती हळू आवाजात म्हणाली. "हजारावर आहेत. कुणी कधी न वापरलेल्या. लहान मुलाची एकही नाही त्यात."

तो काही बोलणार, तेवढ्यात मुकादमीण आत आली. ऑरिन निघाला.

तीनला पाच कमी असताना तो दारापाशी उभा होता. बाहेर उन्हात रस्ता रिकामा होता. वरिष्ठाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "स्कॅग्ज, लाव."

हातभर जाडीचं पोलादी दार. ऑरिनला वाटलं होतं, फार जोर लावावा लागेल. लागला नाही.

आत चौघेजण दोन दिवस वाट पाहत बसले. वॉशिंग्टनहून कुणी आलं नाही. रविवारी सकाळी कळलं की क्षेपणास्त्रं परत जाणार, आणि दार उघडलं. ऑरिन चालतच घरी गेला.

व्हर्ना आणि लोटी नाश्त्याला बसल्या होत्या. भावाकडे त्या गेल्याच नव्हत्या. लोटीने मान वर केली नाही. तिचा आवाज पार बसला होता.

"दार कुणी लावलं?" व्हर्नाने विचारलं.

"मी."

"शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथवर आलो होतो. ही तुला हाका मारत होती. अंधार पडेपर्यंत."

ऑरिन खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"आत काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"मीही तिला तेच सांगितलं," व्हर्ना म्हणाली, आणि तिने त्याच्यासाठी कपात कॉफी ओतली.