गोष्ट कोण सांगणार?

आईचं ऑपरेशन नीट झालं, शुद्धीवर यायला वेळ लागेल, असं सांगून डॉक्टर गेले. काळजी सरली आणि दोघा भावांमधला अबोला उघडा पडला. वडील गेल्यावर थोरल्याने घरातले सगळे निर्णय परस्पर घेतले, तेव्हापासून धाकट्याने बोलणं टाकलं होतं. आताही तो नुसत्या येरझाऱ्या घालत होता. थोरल्याने खिशातून वीस बाजूंचा फासा काढला. लहानपणी त्यावर योद्ध्या-जादूगारांचा खेळ रंगायचा. गोष्ट थोरला रचायचा, धाकटा योद्धा होऊन फासा टाकत लढायचा. "तुझा योद्धा अजून पुलावर उभा आहे. समोर ड्रॅगन. काय करतोस?" "मी नाही खेळत," धाकटा म्हणाला. "पूल तुझा, ड्रॅगन तुझा. शेवटी तू म्हणशील तेच होतं." थोरल्याने सरकून बाकावर जागा केली. "बस. आज पुलावर मी उभा राहतो. समोर काय आहे, ते तू सांग."