बिनविरोध

"तारिक, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुमच्याकडे लोकशाही काही टिकायची नाही," चकली मोडत हेमचंद्रराव म्हणाले. "आधी दरडोई उत्पन्न वाढावं लागतं, मग शिक्षण. त्यातून तुमचा धर्म पडला हुकूम पाळायला शिकवणारा. देश तयार नाही रे अजून!"

साल अठ्ठ्याऐंशी. येत्या बुधवारी पाकिस्तानात निवडणूक होती. कराचीचा तारिक इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, हेमचंद्ररावांच्या शेजारीच राहायचा. मराठी मंडळाच्या दिवाळीला त्यांनीच त्याला हौसेनं आणलं होतं.

"आमच्या मशिदीच्या कमिटीला दर वर्षी मतदान होतं, भाईसाहब," तारिक हसला. "यंदा मी पडलो."

"अरेरे! मग काय केलंस?"

"काय करणार? खुर्च्या उचलल्या. हॉल कुणीतरी आवरायलाच हवा ना!"

तेवढ्यात मंडळाच्या चिटणीसानं, जगन्नाथनं, माइक घेतला. "पुढच्या वर्षीचे अध्यक्ष, अर्थातच, आपले हेमचंद्रकाका! बिनविरोध!"

टाळ्या पडल्या. नऊ वर्षं अशाच पडत होत्या. हॉल डॉक्टर-इंजिनिअरांनी गच्च भरलेला, दरडोई उत्पन्नाची तर काही ददातच नव्हती! आणि खोटं कशाला बोला, काकांचा सगळा जीव त्या अध्यक्षपदात होता.

"भाईसाहबांच्या विरुद्ध कोण उभं होतं?" तारिकनं शेजारी बसलेल्या उत्तराकाकूंना आपलं सहज विचारलं.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. मग पदर खोचून उठल्या. "मी उभी राहते."

काका खुर्चीतून अर्धवट उठले. "अगं, हे काय भलतंच? सगळ्यांचं एकमत झालंय ना!"

"मला कुठे विचारलंत?"

मंडळात मतपेटी कुठली असायला! चिवड्याचा डबा रिकामा केला, पेपर नॅपकिन फाडून वाटले. खजिनदार दीपानं दोनदा मोजले. काकू चांगल्या दणदणीत निवडून आल्या.

सगळे काकांकडे बघायला लागले. आता हे तडकाफडकी निघून जातात की काय, म्हणून जगन्नाथचा तर चेहराच उतरला.

काका उठले. "अभिनंदन, अध्यक्षबाई," म्हणाले. आवाज थोडा कापला, पण म्हणाले. हशा पिकला, आणि काय गंमत, काकांना एकदम हलकं वाटलं. कोट काढून ते मागच्या रांगेकडे गेले आणि एकेक खुर्ची मिटायला लागले.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला तारिक आधीच कामाला लागला होता.

"मुबारक हो, भाईसाहब!" तो म्हणाला. "देश तयार झाला."