रहिवाशांचे हात

“आपण इथल्या रहिवासी आहात का?” अध्यक्षबाईंनी विचारले, आणि बोलण्यासाठी उभी राहिलेली परिचारिका पुन्हा खाली बसली.

पहाटेपासून दिवेलागणीपर्यंतचा सारा उजेड ती याच गल्लीत, निवृत्त न्यायाधीशांच्या उशापायथ्याशी खर्ची घाली. परंतु माणूस कुठला, हे तो कुठे राबतो यावरून ठरत नाही. कुठे निजतो यावरून ठरते. निजायला तिला दोन बसगाड्या बदलून शहराच्या पार टोकाला जावे लागे. पोटची मुलगी जागी अशी तिला केवळ सुटीच्या दिवशी दिसे.

गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या पडलेल्या भूखंडावर लहान घरांची उंच इमारत उभी राहू द्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी शाळेच्या सभागृहात ही सभा भरली होती. त्यातले दोन मजले परिसरात काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे होते. तिथल्या एका खोलीसाठी तिने अर्ज केला होता, आणि वेडेपणाने मुलीला तसे सांगूनही टाकले होते.

मग एकेक रहिवासी बोलला. बागांवर सावली पडेल, गटारे तुंबतील, गाड्या लावायच्या कुठे? एका गृहस्थांनी त्या घरांना खुराडी म्हटले, तेव्हा सभा खळखळून हसली. बेघरांविषयीचा कळवळा प्रत्येकाने आधी व्यक्त केला आणि नंतर ‘पण’ म्हटले. त्या शब्दात मंत्राचे सामर्थ्य असावे. त्याचा उच्चार होताच कळवळा अंतर्धान पावे.

न्यायाधीशही बोलले. चाकांच्या खुर्चीतून, संथपणे, निकाल वाचावा तसे. विरोधातच. मग मान तिच्याकडे वळवून हळूच म्हणाले, “तुझ्याबद्दल नाही गं बोललो, मुली. तू तर घरातलीच.”

“घरातली आहे खरी, साहेब. फक्त घर नाही.”

त्यांनी ते ऐकले, आणि समोर पाहू लागले.

“विरोधात असतील त्यांनी हात वर करा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

न्यायाधीशांचे दोन्ही हात दुखण्याने कधीचेच निकामी झाले होते. घास, कंगवा, चष्मा, सारे तिच्या हातांनी चाले. त्यांनी तिच्याकडे नुसते पाहिले.

त्यांचा हात त्यांच्या मांडीवरच राहू दिला असता, तर तिला कुणी जाब विचारला नसता. सभेत कुणाचे लक्षही गेले नसते. तिची बोटे खुर्चीच्या दांडीवर आवळली गेली. परंतु मत त्यांचे होते, आणि हातही त्यांचा. तिने तो मनगटाशी धरून उंच केला. सदरा चढवताना रोज करी तसाच, सांध्याला कळ लागू न देता.

हात मोजत फिरणारे गृहस्थ खुराडी म्हणणारेच होते. ते खुर्चीपाशी येऊन थबकले.

“सिस्टर, तुमचा हात खाली घ्या. फक्त रहिवाशांचे मोजायचेत.”

“घेते की,” ती म्हणाली. “पण मग यांचाही पडेल.”

न्यायाधीश समोरच पाहत राहिले.

गृहस्थांनी त्या दोन हातांकडे नीट पाहिले, आणि एक मोजला.