बोटीतली ऊब

"हे असलं भंगार तुम्ही बोटीत लावताय?"

अहिल्याबाईंनी केबिनच्या दारातून डोकं आत घातलं, तेव्हा मोरेश्वरराव गुडघ्यांवर बसून बाकाखालचा एक पाइप आवळत होते. बायकोचा आवाज ऐकून त्यांच्या हातातला पाना निसटला.

"तू कशी आलीस?"

"रेणूने सोडलं. तुमचे उद्योग एकदा डोळ्यांनी बघायचे होते."

रेणू म्हणजे अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातली त्यांची शेजारीण. ती थांबली आहे का, असं मोरेश्वररावांनी लगेच विचारलं. ती गेली होती. मग त्यांनी काचेतून पार्किंगकडे पाहिलं. चोरी पकडली गेली की माणूस असाच बघतो, असं अहिल्याबाईंना वाटलं.

आणि चोरी नाही तर काय? केदारने, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, ही जुनी बोट घेतली होती ती उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांसाठी. थंडीत शहाणी माणसं बोटीला टाळं लावतात. पण दिवाळीपासून या गृहस्थांना तळ्याचं वेड लागलं होतं. केदार ऑफिसला निघाला की हे त्याच्या गाडीत बसणार, वाट वाकडी करून इथे उतरणार आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर परत येणार. वय बहात्तर! थंडी बाधली तेव्हा तरी अक्कल यावी? छे. त्यांनी चीनहून हा लाल डबा मागवला, डिझेल जाळून गरम हवा फेकणारा. चांगल्या दुकानातला चांगला हिटर यांच्या डोळ्यांत भरत नाही. पुण्याच्या कारखान्यात उभा जन्म गेला, त्यामुळे स्वस्तातली वस्तू घ्यायची आणि घरी सरळ करायची, ही खोड काही जात नव्हती.

अहिल्याबाईंनी फोनवर सगळं पाहून ठेवलं होतं. पाइप कुठे गळत असला की बंद खोलीत विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो. माणूस बसल्या जागी पेंगतो आणि मग उठत नाही.

त्या कोट न काढता बाकावर बसल्या. "चालवून दाखवा माझ्यासमोर. त्या विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा जरा जरी वाजला, तर हा डबा मी माझ्या हाताने तळ्यात टाकणार. आणि बोट बंद. उद्यापासून घरी बसायचं."

मोरेश्वररावांनी वाद घातला नाही. हिटरबरोबर आलेले पाइप आवळायचे पट्टे तकलादू निघाले म्हणून त्यांनी जाडजूड पट्टे बसवले होते, भोंगेही दोन लावले होते, एक दाराशी आणि एक बाकापाशी. ते सगळं त्यांनी शांतपणे दाखवलं आणि बटण दाबलं.

पंखा घुमला. डिझेलचा पंप टिकटिकू लागला. बाहेरच्या बाजूने पांढरा धूर निघाला, केबिनमध्ये रॉकेलसारखा उग्र दर्प पसरला आणि डब्याच्या पडद्यावर एरर उमटून सगळं थंड पडलं.

"झालं?" अहिल्याबाई म्हणाल्या.

नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल, असं पुटपुटत ते पुन्हा वाकले. अहिल्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. पोरगा मरमर मरतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, संध्याकाळी उतरलेल्या तोंडाने येतो, पानातलं अर्धं तसंच टाकतो. त्याला हातभार लावायचा राहिला बाजूला, बाप मात्र त्याला रोज तळ्याचा हेलपाटा घालायला लावतो.

"त्याच्या तोंडाकडे बघा जरा."

"बघतो ना," मोरेश्वरराव म्हणाले.

"मग लाज वाटत नाही?"

यावर त्यांनी पाना उचलून नळीचा जोड पुन्हा आवळला. अहिल्याबाईंनी पर्समधून फोन काढला. "थांबा, आत्ताच केदारला सांगते."

"त्याला ऑफिसात फोन करायचा नाही." ते इतक्या कडकपणे क्वचितच बोलत. "कामात असतो तो."

"तेवढी तरी काळजी आहे म्हणायची." त्यांनी फोन आत टाकला. कामात असलेल्या मुलाला त्रास द्यायचं त्यांच्याही जिवावर आलं.

दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर पंप अडखळला, मग त्याला लय सापडली. धूर विरत गेला. बाकाखालच्या जाळीतून कोमट झुळूक आली, बघता बघता ती चांगली गरम झाली. काचांवरचं दव ओघळू लागलं. अहिल्याबाई भोंग्यांवर डोळे लावून बसल्या होत्या. दोन्ही गप्प होते. बराच वेळ गप्पच राहिले. शेवटी त्यांनी कोटाची बटणं सोडली, पण कपाळावरची आठी मोडली नाही.

"दिवसभर बसायचं तर बोटं चालली पाहिजेत," मोरेश्वरराव जाळीपुढे हात धरून म्हणाले.

"बोटं कशाला चालायला हवीत? पत्ते पिसायला?"

आता झालं ना समाधान, घरी जा, मी टॅक्सी बोलावतो, असं मोरेश्वररावांनी दोनदा सुचवलं. अहिल्याबाईंना या घाईचा आणखीच राग आला. ताकास तूर लागू द्यायची नाही आणि वर बायकोला हाकलायचं.

"जाते. तुम्हाला जीव धोक्यात घालायचाच असेल तर खुशाल घाला," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. माझ्या पोराला या डब्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही."

तेवढ्यात बोट एका बाजूला कलली. कुणीतरी धक्क्यावरून डेकवर उतरलं होतं. मोरेश्वररावांनी डोळे मिटून घेतले. दाराबाहेर पायऱ्यांवर बसून कुणीतरी बूट काढत होतं, आणि मग केदारचा आवाज आला.

"बाबा, डिझेल आणलं. हिटर स्टार्ट झाला ना? काल इथून इंटरव्ह्यू देताना दात इतके वाजत होते यार, की त्या बाईला वाटलं, नोकरी गेली म्हणून मी रडतोय."