कोरडं बोट

पहिल्या टॅबने म्हाताऱ्याचं बोट ओळखलंच नाही. त्याने मुलीच्या फोटोवर बोट टेकवलं, दाबलं, मग जरा रागानेच खुपसलं. पडदा ढिम्म हलला नाही. दुकानातल्या बाईंनी तो टॅब हळूच मागे घेतला आणि दुसरा पुढे सरकवला.

करार सकाळीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाला होता. मागच्या महिन्यात म्हातारा न्हाणीघरात घसरला आणि शेजाऱ्याने दार वाजवेपर्यंत चार तास तसाच पडून राहिला. तेव्हापासून मुलीने धोशा लावला होता, की माझ्याकडे राहायला चला. म्हातारा दाद देत नव्हता. शेवटी ठरलं ते असं. त्याच्या खिशाला परवडतील असे तीन टॅब बघायचे. प्रत्येकावर एक संधी. कोणाच्या मदतीशिवाय मुलीला फोन लावायचा आणि तिचं तोंड बघायचं. एकावर जरी जमलं तरी तो टॅब घ्यायचा, रोज फोन करायचा, आणि तिने हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिन्ही हुकले, तर रविवारी बॅग भरायची.

दोघंही शब्दाला पक्की आणि हट्टाला त्याहून पक्की. नऊ वर्षांपूर्वी नवरा सोडून गेला, तेव्हा मुलीने बापाला ठणकावून सांगितलं होतं, मला कोणाची गरज नाही. बापाने ते खरं मानलं होतं.

म्हातारा छापखान्यात बाइंडर होता. निवृत्त झाला तरी शाळेची, वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी आणून शिवायचा. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पुठ्ठे, दोरा, खळीचं भांडं. समोरच्या न्हाव्याशी बुद्धिबळाचा डाव अर्धा मांडून ठेवलेला होता, आणि त्यात म्हाताऱ्याची सरशी होती. ते घर सोडायचं म्हटलं की तो विषयच बदलायचा. आता ते सगळं एका बोटावर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या टॅबवरची चित्रं मोठी होती. ‘काका, अगदी हलकं टेकवा,’ बाई म्हणाल्या. त्याने श्वास रोखून टेकवलं. काही नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी उभी असलेली मुलगी टोमणा मारेल म्हणून तो वाट बघत होता, पण तिने नजर दुसरीकडे वळवली. ते त्याला जास्त लागलं.

तिसरा टॅब सगळ्यांत स्वस्त. बाईंनी त्यावर मुलीचा फोटो घालून तो काउंटरवर ठेवला आणि त्याचा नवा खोका शिल्लक आहे का ते बघायला त्या आत गेल्या. मुलगीही त्यांच्या मागून गेली. तिला तिथे उभं राहवत नसावं.

म्हातारा एकटा उरला. हाताला चाळा म्हणून त्याने टॅबची माहितीपुस्तिका ओढली. दोन पिना मारून उरकलेलं काम बघून त्याने नाक मुरडलं. काउंटरवर नोटा मोजायला ओल्या स्पंजाची डबी होती. पानं उलटायची म्हणून त्याचं बोट सवयीने त्या स्पंजावर गेलं. छापखान्यात त्याने दिवसाला शेकडो वेळा हेच केलं होतं. एक पान उलटलं, आणि मग त्याच बोटाने, सहज, त्याने फोटोला हात लावला.

फोटो पडदाभर उघडला. खाली हिरवं बटण आलं.

म्हातारा बघतच राहिला. त्याने बोट डोळ्यांसमोर धरलं. चाळीस वर्षं कागद दुमडून दुमडून बोटाचं टोक कागदासारखंच कोरडं आणि गुळगुळीत झालं होतं. यंत्राला जरा ओल हवी होती, इतकंच. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. घर वाचलं होतं. हिरव्या बटणावर त्याने बोट नेलं.

आतल्या खोलीला भिंत म्हणजे नुसती प्लायवुडची फळी होती. पलीकडून बाई म्हणत होत्या, काकांना जमलं की तुमचीही काळजी मिटेल.

मुलगी म्हणाली, ‘जमू नये असंच वाटतंय मला. खोली आवरून ठेवलीय. त्यांचं टेबल खिडकीपाशी बसतं का, तेही मोजून बघितलं. संध्याकाळी घरी आले की मी आधी टीव्ही लावते हो. घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.’

‘मग सांगा ना त्यांना तसं.’

‘सांगितलं तर लगेच येतील. पण कीव करून येतील. तसं नकोय मला.’

म्हाताऱ्याचं बोट बटणावर तसंच अधांतरी राहिलं. नऊ वर्षं तिच्या एका वाक्यावर आपण विश्वास ठेवला, याची त्याला लाज वाटली. मग त्याने पडद्याच्या कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं. फोटो पुन्हा लहान होऊन आपल्या जागी गेला.

दोघी खोका घेऊन बाहेर आल्या. मुलीने आपला फोन हातात घेतला. तो तिने इतका घट्ट धरला होता, की तिची नखं पांढरी पडली होती.

‘करा बाबा. शेवटचा.’

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला. बोट नीट पुसलं, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग ते फोटोवर टेकवलं. दाबलं. आणखी एकदा दाबलं. पडदा ढिम्म हलला नाही.

‘नाही बुवा जमत,’ तो म्हणाला. ‘तरी हा घेऊन टाकू. रोज संध्याकाळी घरी आलीस की तू शिकव मला. पण आत्ताच सांगून ठेवतो, मला शिकायला बरीच वर्षं लागतील.’