फाइलला लागलेलं कुलूप

फाइलच्या नावाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढं कुलूप दिसत होतं. जर्मनीतल्या विद्यापीठांचा हा तक्ता आदितीने काल क्लाउडवर ठेवला होता आणि अप्पांनाही पाठवला होता, ते उघडून बघणार नाहीत हे माहीत असूनही. आज तो तिलाच उघडेना. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, नेट बदललं आणि शेवटी कुलपाखालची बारीक ओळ वाचली: 'ही फाइल नेमिनाथ यांनी उघडली आहे.'

नेमिनाथ म्हणजेच अप्पा, तिचे वडील. दिवाळीपासून परदेशाचा विषय निघाला की "बघू की" एवढंच म्हणणारे.

ती तडक त्यांच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेली. तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचाच तक्ता होता. जैन असल्याने जन्मात बटाटा न खाल्लेल्या अप्पांनी त्यात एक नवा रकाना घातला होता, 'बटाट्याशिवाय जेवण', आणि प्रत्येक विद्यापीठापुढे लिहिलं होतं, 'न्हाय'.

"अप्पा, हे काय?" आदितीने विचारलं.

"तिथल्या पोरांस्नी फोन लावून इचारलं. कुठंच मिळत न्हाय." अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले,

"जाताना आपला धाकटा कुकर घेऊन जा."