हाताची पट्टी

"अहो बाई, जिंकलेल्यांना पुन्हा उतरायची सक्ती नाही. नव्वदाव्या मजल्यावर घर मिळालंय ना? मग परत झुंजीचा अर्ज कशाला? तिथून दोघींतली एकच जिवंत येते, विसरलात का?" कारकून वैतागला होता.

फुलवंता नुसती हसली. वरच्या मजल्यावरचे शेजारी तिची जुनी झुंज पडद्यावर चवीने पुन्हा पुन्हा बघत, पण ती लिफ्टमध्ये शिरली की अंग चोरून बाहेर पडत. आणि जिंकलेल्यांना तळमजल्यावर आपल्या माणसांत जायला बंदी होती. दोन वर्षांत तिच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता.

तळमजल्याची एक रीत मात्र झुंजीत टिकून होती. आखाड्यात उतरण्याआधी दोघींनी एकमेकींच्या हातांना पट्ट्या बांधायच्या.

रविवारी शहरभर पडदे उजळले. समोर बसलेल्या तळमजल्यावरच्या पोरीने फुलवंताचा हात आपल्या मांडीवर घेतला, एकेक बोट सरळ केलं आणि सावकाश पट्टी गुंडाळली.

"मावशी, घट्ट होतेय का?"

भोंगा वाजला. प्रेक्षकांनी एकच गिल्ला केला.

"होतेय गं," फुलवंता खोटंच म्हणाली. "सोड, आणि पुन्हा बांध."